मिरकरवाड्यात क्रेनला हात दाखवताना

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरात लाटा अडवणारा बांध घालायचं काम निघालं होतं, आणि मी त्या कामावर ट्रेसर म्हणून लागले होते. ट्रेसर म्हणजे इंजिनीअरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने जसंच्या तसं उतरवणारी. बंदराच्या कडेला पत्र्याचं ऑफिस होतं, खिडकीशी माझं टेबल. समुद्राचा वारा कागद उडवायचा म्हणून चारी कोपऱ्यांवर जांभ्या दगडाचे चार तुकडे ठेवून मी दिवसभर रेघा ओढत बसायची. वय बावीस. ऑफिसात बाई अशी मी एकटीच.

बांधासाठी काँक्रीटचे चार पायांचे अवजड ठोकळे किनाऱ्यावरच ओतले जात. ते उचलून पाण्यात रचायचे, तर क्रेन हवी. ती आली तेव्हा निम्मा मिरकरवाडा रस्त्यावर होता. क्रेनच्या पुढे एकजण बांबूने विजेच्या तारा वर उचलून धरत होता आणि मागे अडकलेल्या रिक्षा हॉर्न वाजवून दमल्या होत्या.

क्रेनबरोबर तिचे चालक आले. पन्नाशीचे, दाढी बारीक कातरलेली, हातात जड घड्याळ, काखेत कोऱ्या चहाचा थर्मास. इथल्याच किनाऱ्यावरच्या एका गावचे, पण अकरा वर्षं आखातात क्रेन चालवून परतलेले. सगळे त्यांना चाचा म्हणायला लागले, मीही.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत चाचांनी क्रेनला हात लावला नाही. एक पहार घेऊन ते जमीन टोचत फिरत राहिले. क्रेनला बाजूला टेकवायचे चार लोखंडी पाय असतात. ते जिथे टेकणार ती जमीन त्यांना बघायची होती. मुकादम त्यांच्या मागे मागे फिरत होता. इथे जन्मभर वावरलोय, खाली सगळा कातळ आहे, असं तो सांगत होता. एका जागी पहार अर्धी आत गेली. तिथे पूर्वी कधीतरी खड्डा होता आणि तो फुटक्या टोपल्या न् माती टाकून बुजवला होता. मुकादम म्हणाला की त्याचे आजोबा ह्याच जागेवर बसून जाळी विणायचे, कधी काही खचलं नाही.

"तुझ्या आजोबांचं वजन क्रेनएवढं नव्हतं," चाचा म्हणाले, आणि क्रेन वीस पावलं अलीकडे लावायला निघाले. पायांखाली त्यांनी सागाचे जाड ठोकळे घातले.

दुसरा प्रश्न निघाला तो इशाऱ्यांचा. क्रेनच्या आत बसलेल्याला खाली काय चाललंय ते पुरतं दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू तर काहीच येत नाही. म्हणून खाली उभं राहून एकाने हाताने सांगायचं: वर, खाली, डावीकडे, थांब. चाचांनी साहेबांना, म्हणजे आमच्या पुण्याहून आलेल्या इंजिनीअरना, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मी एकाच माणसाचे हात बघणार. थांबायचा इशारा मात्र कुणीही केला तरी थांबेन. बाकी काही करायचं तर त्या एकाच्याच हातावर.

तो एक कोण, हे ठरवायला चाचांनी सगळ्यांना आळीपाळीने समोर उभं केलं. मी खिडकीतून बघत होते. आधी मुकादम. तो चांगला उभा राहिला, पण जरा वेळाने त्याने खिशातून तंबाखू काढली आणि तळहातावर चोळायला घेतली. एक हात दुसऱ्यावर धरला तर त्याचा अर्थ हळूहळू, असं क्रेनच्या भाषेत असतं. मुकादम दिवसातून पंचवीस वेळा तंबाखू मळायचा. चाचांनी त्याला बाजूला केलं.

मग आमचे स्टोअरकीपर. ते चांगले अंगाने भरलेले गृहस्थ, स्वभावाने गरीब. पण मासळी बाजार शेजारीच, त्यामुळे माशा फार, आणि स्टोअरकीपर सारखा आडवा हात हलवून माशा वारायचे. आडवा हात म्हणजे थांब. ह्यांच्यासमोर क्रेन संध्याकाळपर्यंत जागची हलली नसती. तिसरा आमचा सर्व्हेअर. त्याची अख्ख्या बंदरात ओळख. येणारा जाणारा प्रत्येकजण त्याला हाक मारी आणि तो प्रत्येकाला हात करी. शेवटी खुद्द साहेब उभे राहिले. त्यांना सगळ्या खुणा पाठ होत्या, पण मनासारखं झालं की अंगठा वर करायची त्यांना सवय. अंगठा वर केला की क्रेनची लांबलचक भुजा वर जाते. साहेब खूश झाले की भुजा आणखी वर, ती बघून साहेब आणखी खूश. चाचांनी अदबीने त्यांना बसायला सांगितलं.

मग ते ऑफिसच्या खिडकीशी आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी एका लांब रेघेत होते, तेव्हा मान वर करता येत नव्हती.

रेघ संपल्यावर ते साहेबांना म्हणाले, "ही पोर पाव तास हलली नाही. मला ही द्या."

साहेबांना पटेना. साडीतली मुलगी, ऊन, धूळ, लोक काय म्हणतील, सगळं त्यांनी बोलून दाखवलं. मला विचारलं तेव्हा मी विचार करते म्हटलं, पण खरं तर तेव्हाच मनात हो म्हणून झालं होतं. रेघांचा मला कंटाळा आला होता, आणि एवढं मोठं धूड आपल्या बोटावर वर-खाली होणार ह्या कल्पनेने पोटात गुदगुल्या होत होत्या. भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच जागी.

घरी आईने पहिल्यांदा माझ्या रंगाची काळजी केली. बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांना दोन वाक्यांत कळलं. ते आईला म्हणाले, अगं, ही म्हणजे कंडक्टर झाली. ड्रायव्हर आपल्या मनाने गाडी हलवत नाही, माझ्या घंटीवर हलवतो, तसंच हे. आई म्हणाली की निदान तुम्हाला सावलीत उभं राहायला मिळतं.

आठवडाभर चाचांनी मला नुसत्या रिकाम्या हुकावर शिकवलं. हात कोपरात उभा धरून एक बोट वर करायचं आणि गोल फिरवायचं, की हूक वर. बोट जमिनीकडे करून फिरवलं की खाली. हात सरळ बाजूला धरला की भुजा त्या बाजूला. मला हेल्मेट दिलं होतं, ते अंबाड्यावर बसेना, म्हणून मी वेणी घालायला लागले. पदर खोचून घट्ट. टांगलेल्या वजनाखाली कुणी येणार नाही, अगदी मीसुद्धा नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मी घरात तारेवर वाळत टाकलेल्या चादरीखालून जाताना थबकायला लागले. जेवताना भात पुरे असेल तर तोंडाने न सांगता आडवा हात धरायची. बाबा लगेच थांबायचे. आई वाढतच राहायची.

आमच्या गल्लीत एकदा एक रिक्षा मागे घेताना अडकली होती. मी अंगणातूनच हात केले आणि रिक्षावाल्याने मुकाट्याने माझ्या हातावर रिक्षा बाहेर काढली. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली.

काम सुरू झालं तसा लोकांचा त्रास सुरू झाला. क्रेनभोवती आम्ही दोरी बांधली होती, तिला लाल फडकी लावली होती. पण मासळी बाजाराकडे जायची जवळची वाट नेमकी तिथून होती. डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका दोरीखालून वाकून सरळ आत येत. मुकादम ओरडे, त्या त्याच्यावर दुप्पट ओरडत. एके सकाळी आम्ही येऊन बघतो तर दोरीवर फडक्यांच्या जोडीला बोंबील टांगलेले. जबड्यात जबडा अडकवून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथेच बसून मासे विकणारी एक मावशी होती, तिने आयती दोरी बघून वाळत घातले होते.

मुकादम ते काढायला धावला. चाचांनी त्याला थांबवलं आणि नुसतं बघत राहायला सांगितलं. दिवसभरात एकही माणूस दोरीखालून आत आला नाही. फडक्याखालून वाकताना कुणाला काही वाटत नव्हतं, पण बोंबलाला डोकं लागलं तर मावशी काय बोलेल ह्याची सगळ्यांना कल्पना होती. शिवाय ती दिवसभर तिथे राखण करत बसलेली. साहेबांना ते नियमात बसतं की नाही कळेना. चाचा म्हणाले, बसो न बसो, राहू द्या. बोंबील राहिले. आमच्या कपड्यांना वास यायला लागला, पण कुणाला इजा झाली नाही.

मावशीशी माझी चांगली गट्टी जमली. संध्याकाळी घरी जाताना मी तिच्याकडूनच मासे न्यायची, आणि ती माझ्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवायची. त्यातूनच पुढचं सगळं झालं.

बांध पुढे सरकला तसं स्टोअरचं पत्र्याचं खोपटं अडचणीचं व्हायला लागलं. खाली लोखंडी चौकट असलेली ती एक खोलीच होती. आतलं सामान काढायचं आणि खोली उचलून तीस-चाळीस पावलांवर ठेवायची असं ठरलं. स्टोअरकीपरांनी सकाळभर खपून सामान बाहेर काढलं. जेवायच्या सुट्टीआधी येऊन सांगितलं, स्टोअर रिकामं. साहेबांनी वहीत खूण केली.

सुट्टीत स्टोअरकीपरांना आठवलं की डबा आतच राहिला. ते आत गेले. तिथेच बसून जेवले. आत बाकी काही नव्हतं, फक्त रिकाम्या गोणपाटांचा एक गठ्ठा होता. समोरासमोर दोन खिडक्या, समुद्राचा वारा, पोटात भात. त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि दार लोटून घेतलं.

सुट्टी संपली. माणसांनी चारी कोपऱ्यांना पट्टे अडकवले, हूक वर लावला आणि दूर झाले. मुकादमाने एक चक्कर मारून, आत डोकावून मला सांगायचं, मग मी चाचांना सांगायचं असं ठरलेलं. मुकादम अजून पलीकडच्या बाजूला होता. मी माझ्या जागेवर, हात खाली सोडून उभी होते. चाचा वरून माझ्याकडे बघत होते.

मागून मावशीचा आवाज आला, "गो बाय, बांगड्याचे किती वाटे ठेवू?"

घरी आम्ही तिघंच, एक वाटा पुरे. मी मागे न बघता उजवा हात वर केला आणि एक बोट दाखवलं. मावशीला लांबचं नीट दिसायचं नाही हे आठवलं, म्हणून ते बोट जरा हलवलं.

क्रेनचं इंजिन घुमलं आणि स्टोअर जमिनीवरून सुटलं.

पहिला क्षणभर मला नुसतं कौतुक वाटलं, किती सरळ उचललं म्हणून. मग माझ्याच बोटाकडे लक्ष गेलं. तेवढ्यात स्टोअर पुरुषभर वर गेलं होतं, आणि त्याचं दार उघडलं. दारात स्टोअरकीपर उभे. अंगात बनियन, गालावर गोणपाटाची नक्षी उठलेली, डोळे अर्धे मिटलेले. झोपेतून उठले की ते रोज जे विचारायचे तेच त्यांनी विचारलं.

"चहा आला काय?"

आणि बाहेर यायला एक पाय पुढे टाकला. पायाखाली काही लागलं नाही तेव्हा तो मागे घेतला, खाली बघितलं, आणि चौकट घट्ट धरून मटकन खाली बसले. मग मोकळा हात आडवा हलवायला लागले. माशा वारताना हलवायचे अगदी तसाच. चाचांनी तात्काळ हूक थांबवला.

आता स्टोअर हवेत स्थिर झालं आणि खाली अख्खं बंदर हलायला लागलं. मासळीचा लिलाव चालला होता तो अर्ध्यात टाकून माणसं धावत आली आणि दोरीपाशी उभी राहून प्रत्येकजण क्रेनला हात करायला लागला. कुणी खाली म्हणत होतं, कुणी डावीकडे. होडी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाचं मत पडलं की खोली समुद्रावर न्यावी, म्हणजे पडला तर पाण्यात पडेल. मुकादम ओरडून म्हणाला, त्यांना पोहता येत नाही. त्यावर वरून स्टोअरकीपर म्हणाले की पोहता येतं, पण जेवणानंतर नाही. तिघे-चौघे खलाशी मोठं जाळं घेऊन आले. खाली जाळं पसरून धरायचं असा त्यांचा बेत होता. पण त्यांना दोरी ओलांडता आली नाही. मावशी हात पसरून बोंबलांसमोर उभी होती आणि ती कुणालाही आत सोडत नव्हती.

चाचांनी ह्यातल्या एकाकडेही बघितलं नाही. काचेआड ते शांत बसले होते आणि त्यांची नजर माझ्यावर होती. मला एवढं कळलं की आत्ता मी हात हलवला नाही तर कुणाच्याच हाताने काही होणार नाही.

मी आधी स्टोअरकीपरांना ओरडून सांगितलं की दारातून आत सरका, मधोमध बसा, उठू नका. ते शहाण्या मुलासारखे आत गेले. खाली कुणी नाही हे मी नीट बघून घेतलं. मग डावा पंजा आडवा धरला आणि त्याखाली उजव्या हाताचं बोट जमिनीकडे करून फिरवायला लागले. हळूहळू, खाली.

स्टोअर उतरू लागलं. वाऱ्याने ते हलकेच गरगरत होतं. पट्टे घाईत अडकवल्यावर खोली वळू नये म्हणून बांधायची दोरी लावायची राहूनच गेली होती. त्यामुळे उघड्या दारातून मांडी घालून बसलेले स्टोअरकीपर आळीपाळीने सगळ्या बंदराला दिसले: आधी होड्यांना, मग बर्फाच्या कारखान्याला, मग लिलावाच्या माणसांना. शिमग्यातली पालखी नाचवतात तसं ते दृश्य होतं, फक्त पालखीत बनियन घातलेली मूर्ती. दोघातिघांनी हात जोडल्याचं नंतर सांगितलं गेलं. मी बघितलं नाही, मी माझं बोट बघत होते.

खोली टेकली तेव्हा मी आडवा हात धरला. इंजिन बंद झालं. स्टोअरकीपर सदरा घालून, डबा घेऊन बाहेर आले, आणि पहिलं काम त्यांनी काय केलं तर दाराला कुलूप लावलं.

चाचा खाली उतरले. थर्मासातून कोरा चहा ओतला, निम्मा मला दिला, आणि काय झालं ते विचारलं. मुकादमावर ढकलता आलं असतं, त्याने डोकावून बघितलंच नव्हतं. पण चाचांसमोर खोटं सुचेना. मी बांगड्यांचं सांगून टाकलं.

त्यांनी मान खाली घातली. रागावले असावेत असं वाटलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि चहा दाढीवर सांडला. हसून झाल्यावर मात्र त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, "मला वरून बोट दिसतं. ते बोट माझ्याशी बोलतंय की बांगड्यांशी, ते मला कळत नाही."

साहेबांना झाल्या प्रकाराचा वरच्या ऑफिसला अहवाल लिहावा लागला. बांगडा हा शब्द सरकारी कागदात कसा घालायचा ह्याच्यावर ते अख्खी दुपार अडले. शेवटी 'मत्स्यविषयक संभाषणामुळे इशाऱ्याबाबत गैरसमज' असं लिहिलं आणि सुवाच्य प्रत काढायला माझ्याकडेच दिलं. मी ती शाईने काढली. मला एक मेमो मिळाला, मुकादमाला एक. स्टोअरकीपरांना काय द्यावं हे ठरेना, म्हणून त्यांना काही मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी चाचांनी एक कागदाची पुडी आणून दिली. आत लाल लोकरीचे हातमोजे होते. त्यांच्या बायकोने दोन दिवसांत विणले होते. रत्नागिरीत लोकरीचे हातमोजे मी पहिल्यांदा बघितले. नियम असा ठरला की मोजे हातात असले की माझे हात क्रेनचे. मोजे काढले की माझे. मोजे घातलेले असताना कुणी माझ्याशी बोलायचं नाही आणि मीही कुणाशी नाही. मेच्या उन्हात त्या मोज्यांत हात शिजून निघायचे. अंगठ्याच्या मुळाशी घामोळं उठलं. पण मावशीसुद्धा शिकली. मोजे उतरलेले दिसले की मगच ती विचारायची, तेही जवळ येऊन, कानाशी, एखादं गुपित सांगावं तसं.

दुसरा नियम मी माझ्यापुरता केला. जे उचलायचं त्याच्या आत मी स्वतः बघायची. दुसऱ्याने सांगितलेलं 'रिकामं' मला पुरेसं वाटेना. काँक्रीटचा मिक्सर असो की पाण्याची टाकी, आधी ठोकून बघायची, मग डोकावायची, मग मोजे. भरीव ठोकळेसुद्धा मी काही दिवस ठोकत होते, एवढी धास्ती बसली होती. त्यावरून बंदरात माझी फार टिंगल झाली. खलाशी रिकाम्या टोपल्या घेऊन यायचे आणि आत स्टोअरकीपर आहेत का बघा म्हणायचे. स्टोअरकीपर स्वतः पुन्हा कधी स्टोअरमध्ये झोपले नाहीत. ते मुकादमाच्या झोपडीत झोपायला लागले. ती उचलायचा काही प्रश्न नव्हता, तिचे खांब जमिनीत पुरलेले होते.

बांधाचं आमच्याकडचं काम दोन वर्षांनी संपलं. क्रेन दुसऱ्या बंदरावर जाणार होती. जायच्या आदल्या दिवशी भुजा खाली उतरवून, इंजिन बंद करून झाल्यावर चाचांनी मला वर चढून बसायला सांगितलं. दोन वर्षं मी त्या काचेकडे खालून बघत आले होते. आत डिझेलचा आणि वेलचीचा वास होता, सीटवर चौकडीचा टॉवेल.

चाचा खाली माझ्या जागेवर जाऊन उभे राहिले. संध्याकाळची मासळी उतरत होती, माणसांची ही गर्दी, टोपल्या, गाड्या, कावळे, सगळं हलत होतं आणि मला आत काही ऐकू येत नव्हतं. चाचा त्यात कुठे आहेत ते पहिल्यांदा सापडेचनात. मग सापडले, कारण त्या सगळ्यात न हलणारे तेवढे एकच होते. त्यांनी हात कोपरात उभा केला आणि बोट फिरवलं. एवढ्या लांबून ते बोट काडीएवढं दिसत होतं, पण दुसरीकडे बघावंसंच वाटेना.

मग त्यांनी बोट खाली केलं, म्हणजे उतर. शिडीची पहिली पायरी मला काही केल्या सापडेना. मी साडी सावरत, उलटी, रांगतं मूल पलंगावरून उतरतं तशी पाय चाचपडत उतरायला लागले, आणि ते खालून, हळूहळू, हळूहळू, असा पंजा धरून उभे राहिले.